अकरा किलो बोरिक पावडर

बोरिक पावडर म्हटली की आमच्या घरात दोनच गोष्टी आठवतात. एक कॅरम, आणि दुसरी कणकेत साखर घालून मळलेल्या, ओट्याखाली ठेवायच्या झुरळांच्या गोळ्या. तीच पावडर मी दोन हप्त्यांत अकरा किलो पोहण्याच्या हौदात ओतली, तेव्हा थोरले दीर, म्हणजे आमचे नाना, कट्ट्यावर बसून बघत होते. "द्राक्षाला आम्ही बोरॉन ग्रॅमात मोजतो," ते म्हणाले, "तुम्ही किलोत ओतताय." त्या वेळी मी हसले होते.

हौद म्हणजे स्विमिंग पूलच. नाशिकजवळ आमची द्राक्षाची बाग आहे, तिथल्या घरामागे आठ मीटर बाय चार मीटरचा तलाव बांधला आणि पहिल्या दिवसापासून सगळे त्याला हौदच म्हणू लागले. ठेकेदाराने पाणी चाळीस हजार लिटर बसेल असं सांगितलं होतं. कडेने पाणी ओसंडून जाळीत पडतं, तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये जातं, पंप ते वाळूच्या फिल्टरमधून परत आणतो. शिवाय मुलांच्या हट्टापायी एक दगडी गोमुख बसवलं. त्याखाली डोकं धरून बसायला सगळ्यांना आवडतं. सगळा त्रास त्या गोमुखाने सुरू केला, पण ते मला दोन वर्षांनी कळलं.

मी लग्नानंतर अठरा वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यामुळे हौदाचं पाणी आपोआप माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी सगळे वापरतात त्या टीसीसीएच्या, म्हणजे घट्ट क्लोरिनच्या, गोळ्या वापरल्या. सोय मोठी असते, तरंगत्या डबीत टाकल्या की आठवडा निघतो. पण त्या गोळीतून क्लोरिनबरोबर त्याला धरून ठेवणारं सायन्युरिक ॲसिडही पाण्यात येतं. दहा पीपीएम (म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम) क्लोरिनमागे सहा पीपीएम. क्लोरिन खर्ची पडतं, हे मात्र जागचं हलत नाही. वर्षभरात ते शंभराच्या पुढे गेलं. मग क्लोरिन मोजायला भरपूर दिसतं आणि भिंतीला हात लावला तर बुळबुळीत. अर्धं पाणी काढून टाकलं आणि हायपोवर आले.

हायपोवरून एक गंमत. आमच्या प्रयोगशाळेत हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोवाले वापरायचे तेच. केमिकलच्या बाजारात हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कॅनमधून मिळणारं द्रव क्लोरिन. पहिलं दुसऱ्याला क्षणात मारून टाकतं. पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा पाच मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या हायपोबद्दल बोलत होतो.

हायपो बरं चाललं, पण पीएच काही केल्या जागेवर राहीना. सोमवारी ॲसिड घालून ७.४ वर आणावा, बुधवारी संध्याकाळी ८.३. विहिरीचं पाणी काळ्या खडकातलं, त्यात बायकार्बोनेट ठासून भरलेले. अल्कलिनिटी, म्हणजे हाच बायकार्बोनेटचा साठा, मोजली तर २२० पीपीएम. असं पाणी म्हणजे अर्धवट सोड्याची बाटलीच. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला टपलेला असतो, आणि आमच्या हौदाला कडेने ओसंडणारी धार होती, वर गोमुख. पाणी जितकं खळाळेल तितका वायू उडतो आणि तितका पीएच चढतो. चढला की क्लोरिनची धार बोथट होते, फरशीच्या रेषेवर पांढरा थर धरतो, डोळे चुरचुरतात. दर तिसऱ्या दिवशी दीड लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतायचं. कॅनचं बूच उघडलं की येणारा तो धूर, आणि ते काम करणारे आमचे गडी-मामा नाकाला उपरणं बांधून उभे. हातमोजे दिले की खिशात ठेवायचे. मला तेच जास्त खुपायला लागलं होतं.

पुतण्या अमेरिकेत ॲरिझोनात, फिनिक्सला असतो. तिथे घरोघरी मागच्या अंगणात पूल, पाणीही आमच्यासारखंच जड. दिवाळीत फोनवर मी ॲसिडचं रडगाणं गायले तेव्हा तो म्हणाला, "काकू, बोरेट, म्हणजे बोरॉनचा क्षार, टाकून बघा. इथे बरेच जण टाकतात. कपडे धुवायच्या बोरॅक्सचा डबा मिळतो, तोच ओततात." डब्यावर वीस खेचरांची गाडी असते म्हणे. ती खरोखरीची होती. १८८३ ते १८८९ या काळात डेथ व्हॅलीतला बोरॅक्स खेचरांच्या लांबलचक गाड्यांनी रेल्वेपर्यंत वाहून नेत.

बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. सोनार डाग देताना वापरतो तो. आजी तोंड आलं की टाकणखाराची लाही मधातून लावायची. (आता लहान बाळाला कुणी असं लावायला निघालं तर मी हात धरीन.) इंग्रजीत कच्च्या बोरॅक्सला टिंकाल म्हणतात, तो शब्द संस्कृतातल्या टंकणावरून गेलेला. तिबेट-लडाखकडून हा माल खाली यायचा. म्हणजे गोष्ट आपल्याकडूनच गेली होती, हौदात ओतायची अक्कल तेवढी तिकडून आली.

कागद-पेन्सिल घेऊन बसले. हौदात बोरॉन साधारण ३० ते ५० पीपीएम ठेवतात. मी ३० धरलं. चाळीस हजार लिटरला १.२ किलो शुद्ध बोरॉन. टाकणखारात बोरॉन वजनाच्या जेमतेम ११.३ टक्के, म्हणजे साडेदहा किलो लागणार. पण टाकणखार अल्कली आहे, तो घातला की पीएच उसळणार आणि तो खाली आणायला वर साडेपाच लिटर ॲसिड. ॲसिडपासून सुटका व्हावी म्हणून हा खटाटोप, आणि सुरुवातच कॅनभर ॲसिडने करायची? बोरिक ॲसिडमध्ये, म्हणजे आपल्या बोरिक पावडरीत, बोरॉन साडेसतरा टक्के, सात किलोत काम होतं, आणि पीएच उलट किंचित खाली येतो. महाग पडतं, पण मी तेच घेतलं. अंबडच्या एमआयडीसीतल्या व्यापाऱ्याने पंचवीस किलोची गोण फोडायला आधी नकार दिला. मग विचारलं, "कॅरमचा कारखाना काढताय का बाई?"

आधी अल्कलिनिटी उतरवली. या पायरीला लोक कंटाळतात, आणि खरं काम इथेच होतं. पीएच सातच्या आसपास आणायचा, गोमुख आणि पंप चालू ठेवून वायू उडू द्यायचा, पीएच चढला की पुन्हा ॲसिड. तीन आठवडे आणि तेरा लिटर ॲसिड गेल्यावर २२० चे ८० झाले.

मग एका रविवारी बोरिक. थंड पाण्यात ते फारसं विरघळत नाही, दहा लिटरच्या बादलीत अर्धा किलोच्या वर जात नाही. मी शहाणपणा करून बादल्या भरत बसले. सात बादल्या झाल्यावर कंबर धरली. उरलेलं सरळ परतीच्या नळांसमोर मुठीमुठीने सोडलं. पावडर बुडायलाच तयार नाही! पांढऱ्या साईसारखी पाण्यावर पसरली, बोटांना टाल्कम पावडरीसारखी गुळगुळीत लागते तशीच. मामा लांब दांड्याच्या ब्रशने ती ढवळत, खाली दाबत फिरले. संध्याकाळपर्यंत सगळी गेली. पीएच ७.६ चा ७.४ झाला. पाणी तसंच दिसत होतं.

आता हौदात बोरॉन नक्की किती झालं? फिनिक्सला त्याच्या पट्ट्या मिळतात. मला इथे मिळाल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर पट्टीचा रंग ताडत बसण्यापेक्षा ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची काचेची नळी, धरण्यात मला सुख होतं. ती जुनी, कॉलेजने मोडीत काढलेली ब्युरेट माळ्यावर होतीच.

बोरिक ॲसिड इतकं दुबळं असतं की त्याचं सरळ टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब अल्कली घालून मोजणं, होत नाही. त्याला आधार द्यावा लागतो. कॉलेजात आम्ही मुलांना या प्रयोगासाठी ग्लिसरिन द्यायचो. पहिला प्रयत्न मेडिकलमधून आणलेल्या ग्लिसरिनने केला, पण रंग ठरेचना, आला-आला म्हणेपर्यंत जायचा. मग मॅनिटॉल मागवलं. पंचवीस मिलिलिटर पाणी घेतलं, क्लोरिन मारायला जुन्या अर्थाच्या हायपोचा एक थेंब, थोडं ॲसिड, आणि गॅसवर एक उकळी, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तो राहिला तर सगळा हिशोब त्याच्याच नावावर जमा होईल. गार झाल्यावर ब्रोमोथायमॉल ब्लू, हा पीएचप्रमाणे रंग बदलणारा सूचक. पिवळं. थेंब थेंब कॉस्टिक सोडून निळसर हिरव्यावर आणलं, कच्च्या कैरीच्या सालीसारखा रंग. आणि मग दोन चमचे मॅनिटॉल. फ्लास्क हलवला आणि बघता बघता हिरवं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. ज्याच्यात काहीच नाही असं वाटत होतं त्या पाण्यातून ॲसिड बाहेर आलं होतं. जाऊबाई चहा गाळता गाळता थांबून बघत राहिल्या. परत हिरव्यावर यायला शंभरांश नॉर्मल ताकदीचं कॉस्टिक ६.१ मिलिलिटर लागलं.

६.१ म्हणजे २६ पीपीएम. यायला हवे होते तीस. तीनदा केलं, तेच. चूक माझ्या हाताची असेल असं धरून दोन दिवस काढले, मग उलटा हिशोब केला. मी टाकलेलं बोरॉन मला ग्रॅमपर्यंत माहीत होतं, ते उडत नाही, कुजत नाही, क्लोरिनसारखं उन्हात जळत नाही. तेवढ्या बोरॉनने २६ पीपीएम व्हायचे तर पाणी शेहेचाळीस हजार लिटर हवं. वरचे सहा हजार कुठले? बॅलन्सिंग टँक! ठेकेदाराने तो धरलाच नव्हता, आणि इतकी वर्षं मीही नाही. म्हणजे आजवरचे सगळे डोस आम्ही कमीच घालत होतो. बोरेटचा दुसरा काही उपयोग झाला नसता तरी एवढ्यासाठी मी पैसे वसूल धरले असते.

आणखी चार किलो घातलं. बोरॉन ४१ वर गेलं. तिथे थांबले.

फरक पडला का? पडला. पूर्वी दोन-तीन दिवसांत ८.३ गाठणारा पीएच आता आठ-दहा दिवसांनी ७.८ होतो, तेव्हा अर्धा लिटर ॲसिड. बोरिक ॲसिड आठच्या अलीकडे नुसतं बसून असतं, पाणी अल्कलीकडे झुकायला लागलं की ते जादा हायड्रॉक्साइड पोटात घेतं. कार्बोनेटचा आधार जिथे पातळ होत जातो तिथेच याचा जोर वाढतो. मिठावर चालणाऱ्या क्लोरिन यंत्रात हे जास्त कामी येतं, कारण त्या यंत्राच्या पत्र्यांपाशीच पीएच चढून चुन्याचा थर धरतो.

पण "बोरेटने ॲसिड वाचलं" असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. ॲसिड वाचलं ते मुख्यतः अल्कलिनिटी उतरवल्याने. बोरेटने पीएचला पळू न देता चालायला लावलं. चढाई सावकाश होते, मात्र चढलेला पीएच उतरवायला तितकंच ढकलावंही लागतं. ज्याने आधीची पायरी गाळली त्याला बोरेट निराश करील.

शेवाळाबद्दलही असंच. मे महिन्यात मोटर जळाली, तीन दिवस पाणी थांबून होतं, तरी हिरवी झाक आली नाही. पूर्वी दुसऱ्याच दिवशी आली असती. बोरॉन शेवाळाच्या वाढीला थोडा लगाम घालतं हे खरं, पण त्या तीन दिवसांत मी हाताने हायपोही घालत होते, तेव्हा श्रेय कुणाचं ते मी वाटत बसत नाही. जंतू मारायचं काम बोरेटचं नाही. क्लोरिन एका थेंबाने कमी केलं नाही. पाणी मऊ लागतं असं सगळे म्हणतात. मलाही लागतं, पण मला ते सांगून लागायला लागलं.

धाकटी पुतणी त्या वेळी दिवस गेलेली माहेरी आली होती. युरोपात बोरिक ॲसिड प्रजननाला घातक पदार्थांत धरलेलं आहे, हे मला ठाऊक होतं, आणि तिला मी ते जेवताना सांगितलं. कातडीतून ते फारसं आत जात नाही, प्रश्न पोटात जाण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बोरॉन लिटरला २.४ मिलिग्रॅम मान्य केलंय. आमच्या हौदात त्याच्या सतरापट. म्हणजे पोहताना दोन घोट, साधारण साठ मिलिलिटर, गेले तर त्या मर्यादेवरचं लिटरभर पाणी प्यायल्यासारखं. एखाद्या दिवशी काही बिघडत नाही. तरी ती म्हणाली, "मी आपली काठावर पाय सोडून बसते," आणि मी आग्रह केला नाही. कुत्र्यासाठी मात्र काठाला पाण्याची परात ठेवली, कारण तो रोज, पोटभर, हौदातच प्यायचा.

एवढी काळजी घेतली आणि लिंबू विसरले.

वाळूचा फिल्टर दर आठवड्याला उलट्या पाण्याने धुवावा लागतो. ते बॅकवॉशचं तीन-चारशे लिटर पाणी पहिल्यापासून एका चारीतून परसातल्या कागदी लिंबाला जायचं. पाणी वाया जाऊ नये, दुसरं काय. बोरिक घातल्यावर दोन महिन्यांनी जुन्या पानांची टोकं पिवळी पडली. मग टोकापासून कडेने तपकिरी, करपल्यासारखी किनार, आणि आत शिरा हिरव्याच. मला वाटलं ऊन. मामांना वाटलं वाळवी. नानांनी एक पान तोडून उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं आणि माझ्या हातात दिलं. "बोरॉन जास्त झालंय," एवढंच म्हणाले.

मी भांडलेच. म्हटलं, तुम्ही द्राक्षावर लिटरला एक ग्रॅम वीस टक्क्यांचं बोरॉन फवारता, ते दोनशे पीपीएम होतं, माझ्या हौदाच्या पाचपट! नाना म्हणाले, "ते पानावर एकदा बसतं. तुमचं दर आठवड्याला मुळाशी." खोलीत येऊन हिशोब केला. चारशे लिटर, लिटरला चाळीस मिलिग्रॅम, सोळा ग्रॅम बोरॉन दर खेपेला. आठ खेपा. लिंबू तर या बाबतीत झाडांत सगळ्यात नाजूक, ओलिताच्या पाण्यात अर्धा पीपीएम झालं तरी त्याला सोसत नाही. द्राक्ष त्याच्या मागोमाग. पाणी झाड घेतं, पानातून उडवतं, आणि बोरॉन पानाच्या टोकाला साठत जातं. सगळं मला माहीत होतं, वेगवेगळ्या कप्प्यांत.

चारी त्याच दिवशी बुजवली. लिंबाच्या आळ्यात चार दिवसांआड विहिरीचं पाणी भरपूर सोडून क्षार खाली ढकलले. झाड गेलं नाही, पण त्या वर्षी लिंबं मोजकी आणि सुपारीएवढी. बॅकवॉश आता ठरलेल्या वारी होत नाही, फिल्टरच्या दाबाच्या गेजचा काटा चढला की मगच होतो, तीन आठवड्यांतून एकदा. आणि ते पाणी, शेततळ्यातून उरलेला प्लास्टिकचा कागद अंथरून कुंपणाजवळ एक उथळ खड्डा केलाय, त्यात जातं. उन्हाळ्यात ते आटतं. तळाला पांढरी खरपुडी राहते, बोटाने ओढली तर गुळगुळीत रेघ उमटते.

खड्ड्याने बॅकवॉशचा प्रश्न मिटला. पावसाचा नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा ब्युरेट लावली. ४१ चे ३० झाले होते. हे नाहीसं होणारं द्रव्य नाही, मग अकरा पीपीएम गेले कुठे? पावसाने हौद भरून बॅलन्सिंग टँकच्या वरच्या नळीतून पाणी वाहत होतं, चार महिने. शेहेचाळीस हजार लिटर गुणिले अकरा, म्हणजे पाचशे ग्रॅम बोरॉन. ती नळी ओढ्याकडे जाते आणि ओढ्याच्या पलीकडे नानांची थॉमसन द्राक्षांची पहिली ओळ आहे. पावसाच्या लोंढ्यात ते पातळ होऊन गेलं असणार असं मी म्हणते. नाना काही म्हणत नाहीत. छाटणीनंतर ते त्या ओळीतली पानं जरा जास्त वेळ उजेडाकडे धरतात.

४० वर न्यायला आणखी तीन किलो लागेल. गोण व्यापाऱ्याने फोडली नव्हतीच शेवटी, त्यामुळे चौदा किलो शिल्लक आहे. कोठीत, कॅरमच्या डब्याशेजारी, तोंड बांधून ठेवली आहे.